उजवा पाय आधी

रझिया, निदान या वेळी तरी मला शेवटचा शब्द बोलू द्यायचास. वाद रंगात आला की चहाचा कप अर्धवट ठेवून उठून जायचं, ही तुझी खोड मला ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्कूटीचा हॉर्न वाजवत दारात हजर व्हायचीस आणि काल काही झालंच नाही अशा थाटात म्हणायचीस, "नलू, चल की, ऊन चढतंय." त्यामुळे तुझ्या उठून जाण्याचा मी कधी फारसा त्रास करून घेतला नाही. आता मात्र तू हद्द केलीस. वाद तसाच राहिलाय, स्कूटी तुझ्या जिन्याखाली तशीच उभी आहे, आणि तू गेलीस ती गेलीसच.

तुझ्या घरी भेटायला आलेली माणसं काय काय बोलत होती ते ऐकायला तू हवी होतीस. "किती समजूतदार बाई." "कधी कुणाला उलटून बोलली नाही." मी एकदा दाराकडे वळून पाहिलं, चुकून शेजारच्या घरात तर येऊन बसले नाही ना. मला उलटून बोलली नाहीस असा तुझा एक दिवस मला आठवत नाही. आपली ओळखच मुळी त्यातून झाली.

निवडणुकीची ड्युटी होती. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, तू उर्दू शाळेत गणित शिकवणारी, आणि दोघींना एकाच बूथवर बसवलेलं. शाईची बाटली तुझ्याकडे. मतदार आला की तू म्हणायचीस, "हात पुढं करा," आणि त्यानं उजवा पुढे केला की खुशाल तोच धरून शाई लावायला निघायचीस. मी शेजारच्या खुर्चीवरून सांगायची, "डावा हो बाई, डावा." असं सकाळभर चाललं. शेवटी तू वैतागून माझ्याकडे वळलीस. "चांगल्या कामाला डावा हात पुढं करा म्हणून कोण सांगतं हो? मत देणं चांगलं काम हाय की न्हाय?" मी म्हटलं, नियम आहे. "नियम करणाऱ्याला आईनं काय शिकवलंच न्हाय वाटतं," असं म्हणून तू पुढच्या म्हाताऱ्याचा डावा हात असा धरलास जणू मी तुझ्याकडून काही पाप करवून घेत होते. दुपारी तू तुझा डबा माझ्यापुढे सरकवलास, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि म्हणालीस, "खा. पण उजव्या हातानं." मी त्याच दिवशी सावध व्हायला पाहिजे होतं.

मग नोकऱ्या संपल्या आणि आपण दोघी रिकाम्या झालो. त्याच सुमारास पुण्याहून गार्गी नावाची मुलगी कुंभारीच्या माळावर टिटव्यांचा अभ्यास करायला आली. नेहमीच्या टिटव्या नव्हेत, माळटिटव्या. काळ्या टोपीच्या, डोळ्यांपुढे कातडीची लोंबती पिवळी लोळी असलेल्या, उघड्या जमिनीवर खडे मांडून अंडी घालणाऱ्या. रीतसर परवानग्या काढून ती पक्षी पकडायची, पायात कडी घालायची आणि सोडून द्यायची. मग कोणती टिटवी कुठं जाते, किती जगते, पुढच्या वर्षी त्याच जागेवर अंडी घालते का, हे पाहायचं. पकडायला गार्गी होती, पण पाहायला माणसं हवी होती. उन्हाळ्यात सकाळी सकाळी माळावर जाऊन बसायला मोकळं कोण असणार? आपल्यासारख्या पेन्शनर बायका. तू मला न विचारताच दोघींची नावं देऊन मोकळी झालीस.

काम सोपं होतं. धातूच्या कड्यावर नंबर असतो, पण तो लांबून वाचता येत नाही. म्हणून दोन्ही पायांत एकेक रंगीत प्लास्टिकचं कडं. वाचताना टिटवीचा डावा पाय आधी, मग उजवा. डाव्यात लाल आणि उजव्यात निळं, तर ती लाल-निळी. डाव्यात निळं आणि उजव्यात लाल, तर ती निळी-लाल. दोघी वेगळ्या. बाकीच्यांच्या दोन्ही पायांत एकच रंग होता, हिरवी-हिरवी, पांढरी-पांढरी, त्यांचा काही प्रश्न नव्हता. एकरंगी जोड्या वापरून संपल्या तेव्हा गार्गीनं या दोघींना मिसळ रंग घातले. डब्यात पिवळी कडी पुष्कळ होती, पण माळटिटवीचे पायच पिवळेधमक, त्यावर पिवळं कडं काय दिसणार. ती कडी ज्यानं पाठवली त्याचा तू उर्दूत आणि मराठीत मनसोक्त उद्धार केलास.

लाल-निळी तुझी. म्हणजे तू तिला तुझी म्हणायचीस. गार्गीनं किती वेळा सांगितलं की पक्ष्यांवर हक्क सांगायचा नसतो. ती पकडली त्या सकाळी गार्गीनं टिटवी हातात धरली आणि कडं दाबून बंद करायचं काम तुला दिलं. गार्गी म्हणाली, "आधी डावा, मॅडम." तू बिस्मिल्ला म्हटलंस आणि उजव्या पायातलं निळं आधी बसवलंस. मी कपाळाला हात लावला. टिटवी सुटली, थोडी उडाली आणि खाली उतरून आपल्या तिघींवर ओरडत सुटली. तू तिला म्हणालीस, "ओरड, ओरड. मी पण ओरडले असते."

शेळ्या घेऊन येणारी शेवंताबाई लांबून हे सगळं बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "आवं, तिच्या पायात काय तोडं घातल्यात व्हय? लगीन ठरलं काय टिटवीचं?" तू एवढ्या गंभीरपणे "व्हय की, कुंभारीतच दिली" म्हणालीस की तिला क्षणभर खरं वाटलं. तेव्हापासून ती आपल्याला बघितलं की विचारायची, "काय वो बाई, दागिन्यावाली हाय का बरी?"

माझ्या मानेचं दुखणं तुला माहीत होतं. स्कोपला, म्हणजे त्या तीन पायांवरच्या लांब दुर्बिणीला, डोळा लावून वाकून उभी राहिले की मला चक्कर यायची. म्हणून वाटणी झाली, तू बघायचं आणि सांगायचं, मी स्टुलावर बसून लिहायचं. आणि तिथंच माझे भोग सुरू झाले. कारण तू उजवीकडून सुरू करायचीस. डाव्यात लाल, उजव्यात निळं अशी टिटवी समोर धडधडीत उभी असताना तू सांगायचीस, "निळा, लाल." मी म्हणायची, डावा आधी. तू म्हणायचीस, आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं, आमची चप्पल उजवी आधी पायात जाती, मला डावीकडून तोंडच फुटत न्हाय. मी म्हणायची, आमच्याकडेही नवी सून उजवं पाऊल टाकून घरात येते, म्हणून मी काय टिटवीचा उजवा पाय आधी वाचते का? "वाचायला पाहिजेस की," तू म्हणायचीस. यावर माणसानं काय बोलायचं?

पहिला अख्खा हंगाम मी भांडले. मग माझी जीभ थकली. तू काही बदलणार नाहीस हे मी धरून चालले आणि गुपचूप एक युक्ती केली. तू जे बोलशील ते मी उलटं करून लिहायची. तू म्हणालीस "निळा, लाल," की मी लिहिणार लाल-निळी. हिशेब चोख. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, आलीस ना शेवटी माझ्या पद्धतीवर. एवढा आनंद तुला द्यायची माझी तयारी नव्हती.

मी भांडायची थांबले, तर तुला संशय यायला हवा होता. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी कुठली गोष्ट सहज सोडून दिली होती? पण नाही. मॅडम खूश. सकाळ छान चाललीय, नलू गप्प आहे, शेवंताबाईच्या शेळ्या लांब आहेत. तू स्कोपला डोळा लावून तुझी टिटवी बघायचीस, आणि ऊन चढलं की ती डबक्यात पोट भिजवून परत अंड्यांवर येऊन बसायची ते मला वर्णन करून सांगायचीस. मला स्टुलावरून दिसायचा फक्त माळ आणि तुझी पाठ.

दुसऱ्या हंगामात लाल-निळी नाहीशी झाली. तिच्या जागेवर, ती पहिल्या वर्षी अंडी घालायची त्या पांढऱ्या दगडाजवळ, निळी-लाल बसायला लागली. तू रोज सांगत होतीस आणि मी रोज लिहीत होते. तिसऱ्या हंगामातही तेच. हंगाम संपल्यावर गार्गी माझ्या घरी आली, लॅपटॉप उघडून तुझ्या-माझ्यामध्ये बसली आणि जरा जपूनच म्हणाली, "लाल-निळी दोन हंगाम दिसलेली नाही, आणि तिची जागा दुसरीनं घेतलीय. ती मेली असं धरावं लागेल."

तू बिस्किट चहात बुडवत होतीस. "कोण मेली?"

"लाल-निळी."

"अगं, परवा बसली होती की. मी डोळ्यांनी बघितली."

मी म्हटलं, "ती निळी-लाल."

"मला माझी टिटवी कळत न्हाय व्हय?"

"तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस."

"मी तोंडानं काय सांगितलं ते मला चांगलं माहीत हाय."

यावर मी जे म्हणाले तेही मला चांगलं आठवतंय. मी म्हटलं, "तू काय बोलतेस आणि त्याचा अर्थ काय, ते मला विचार." तुझा चेहरा पडला. बिस्किट चहात गळून पडलं. तू गार्गीला म्हणालीस, "जिवंत बाईला कागदावर मारू नका, एवढंच सांगते," आणि उठलीस. जिन्यावरून खाली जाताना तू पायरी पायरीवर काहीतरी पुटपुटत होतीस. मला ते ऐकू आलं नाही, आणि पुढे कधी मी विचारलंही नाही.

त्या वेळी सकाळी हॉर्न वाजला नाही. बरेच दिवस वाजला नाही. पुढे वाजला तेव्हा आपण टिटवी सोडून सगळं बोललो, गॅसची टाकी, माझ्या सुनेचं बाळंतपण, तुझ्या नवऱ्याचं, युसूफभाईंचं दुकान आणि त्यांचा गुडघा. नवा हंगाम लागला आणि आपण पुन्हा माळावर जायला लागलो. गार्गीच्या कागदावर लाल-निळी मेलेलीच होती. तू आता रंग सांगून झाले की वर एक वाक्य जोडायचीस, "तुमची मेलेली बाई बसलीय बघा, मजेत हाय." मी लिहीत राहायची. मग तू म्हणायचीस, "वाकून बघ की एकदा." मी म्हणायची, माझी मान. "मान काय मोडून पडणार न्हाय, नलू. एकदा वाकून बघ." मला वाटायचं, तू हरलीस आणि मान्य करत नाहीस. तुला काय वाटायचं ते तुलाच ठाऊक.

शेवटचा फोन तुझाच होता. "उद्या नको, दुकानात माल येणार हाय. परवा जाऊ." मी म्हटलं, बरं. त्या परवाच्या सकाळी युसूफभाईंचा फोन आला. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तू संपलीस. तुझ्या आयुष्यात तू कुठं वेळेवर पोचली नाहीस आणि इथं एवढी घाई.

तुमच्याकडे मातीला बायका जात नाहीत. पुरुष तुला घेऊन गेले तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते, ओट्याला टेकून. तुझ्या बहिणी होत्या, जावा होत्या, सगळ्या रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, आणि कुणाचा ते नीट सांगता येत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा गेले. युसूफभाई बैठकीत एकटेच होते. चादरी-टॉवेलचं दुकान त्यांनी अजून उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "शेवटपर्यंत भांडली हो माझ्याशी." त्यांना जरा हसू आलं. म्हणाले, "भांडली असेल, बाई. पण तुमच्यापायी तिनं मेहनत लई घेतली."

"कसली मेहनत?"

"डावीकडून बोलायची. पहिलं वर्ष संपलं तुमचं माळावरचं, त्या पावसाळ्यात. दुकानात येऊन बसायची आणि फळीवरचे टॉवेल म्हणायची. डावीकडून. लाल, निळा, हिरवा, पांढरा. जीभ उजवीकडं वळली की परत पहिल्यापासून. गिऱ्हाईक बघायला लागायचे. मी म्हटलं, कशाला एवढा ताप, बाईंना सांगून टाक मला जमत न्हाय म्हणून. तर म्हणाली, तिची मान दुखती, तिला उगाच उलटसुलट करायला लावते मी. तिला सरळ लिहू दे."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"सांगू नका म्हणाली. सांगितलं तर डोक्यावर बसंल."

मी मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले असेन, कारण आतून तुझी धाकटी बहीण धावत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं मला दुःख अनावर झालं. मी संतापले होते, रझिया. पेला खाली ठेवताना पाणी सांडलं. युसूफभाई घाबरून म्हणाले, "माझं काही चुकलं का, बाई?" मी म्हटलं, तुमचं नाही.

रिक्षात बसल्यावर मी बोटांवर हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. तू पावसाळाभर टॉवेल म्हणत बसलीस आणि दुसऱ्या हंगामापासून नियमानं बोलायला लागलीस. डावा आधी. तुझ्यासमोर लाल-निळी बसलेली, तू बरोबर सांगतेयस, "लाल, निळा." आणि मी, तू बदलणार नाहीस असं धरून, त्याच हंगामापासून तुझं बोलणं उलटं करून निळी-लाल लिहितेय. बाकीच्या टिटव्यांच्या दोन्ही पायांत एकच रंग, तिथं उलटसुलट कळायला वावच नव्हता. तू माझ्यासाठी बदललीस आणि मी तुझ्यासाठी. दोघींनी तोंडातून अक्षर काढलं नाही. एरवी आपण मिठाच्या चिमटीवरून तासभर बोलू शकत होतो.

दोघींपैकी एकीनं तरी हट्टी राहायला हवं होतं. तू राहिली असतीस तरी चाललं असतं, मी राहिले असते तरी चाललं असतं. सगळ्या आयुष्यात आपण दोघी एकाच वेळी शहाण्यासारख्या वागलो ते नेमकं तिथं. आणि मला सांग, एवढी मेहनत घेतल्यावर एकदा तरी दाखवायची नाही का? "बघ, मी डावा आधी म्हणाले," असं एकदा तरी? तुला भाजी चांगली झाली तरी चार घरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. हेच एक का गिळून बसलीस?

आणि त्या दिवशी माझ्या घरी, गार्गीसमोर, मी तुला म्हटलं की तू काय बोलतेस त्याचा अर्थ मला विचार. तू पावसाळाभर राबून माझी भाषा शिकलेली, आणि मी तुला असं म्हणतेय. आता कळलं तुझा चेहरा का पडला. तेव्हा सांगितलं असतंस तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तू उठून गेलीस. तुझं ते उठून जाणं. मला तुझ्यातलं एकच काही बदलायची संधी मिळाली असती ना, तर मी कडी-बिडी सोडून ते बदललं असतं.

काल मी माळावर गेले. एकटी. रिक्षावाल्यानं स्कोप उतरवून दिला आणि विचारलं, "बाई, हितं काय बघायचंय? हितं कायबी न्हाय." शेवंताबाई शेळ्या सोडून जवळ आली. "त्या दुसऱ्या बाई कुटं हायत?" मी सांगितलं. ती "आरं देवा" म्हणाली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून माझ्या शेजारी खाली बसली. मग म्हणाली, "लई हसवायच्या. टिटवीचं लगीन म्हनं."

स्कोपचं तीन पायांचं तिकाटणं लावताना माझी तिरपीट उडाली. ते काम तू करायचीस. मग मी वाकले. मानेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. पांढरा दगड सापडायलाच वेळ लागला. टिटवी बसलेली होती, तोंड माझ्याकडे करून, पाय पोटाखाली. काहीच दिसेना. मी मान सरळ केली, पुन्हा वाकले, पुन्हा सरळ केली. उन्हाची तिरीप तापायला लागली तेव्हा ती उठली आणि डबक्याकडे निघाली. पाण्यात पोट बुडवून अंग हलवत उभी राहिली. मी तू सांगायचीस ते सगळं पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. परत येताना ती माझ्याकडेच येत होती, आणि समोरून आलेल्या पक्ष्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो, हे मला कळत होतं, पण मला कसलीही शंका ठेवायची नव्हती. मी वाट पाहिली. घरट्यापाशी येऊन तिनं एक गिरकी घेतली आणि माझ्याकडे पाठ केली. आता तिचा डावा तो माझाही डावा.

डाव्या पायात लाल होतं, उजव्यात निळं.

मी तरीही पुन्हा पाहिलं. चक्कर येत होती म्हणून शेवंताबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहिलं. तुझीच होती. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी, तिच्या त्याच दगडापाशी, भिजल्या पोटानं अंड्यांवर बसत होती. आणि मग मला रडू आलं. तुझ्या घरी आलं नव्हतं ते सगळं माळावर आलं, शेळ्यांच्या देखत.

"काय झालं वो बाई?" शेवंताबाई घाबरली.

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"मग रडता कशापायी?"

तिथूनच गार्गीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं, टॉवेलसकट. ती आधी हसली. मग अभ्यासकाच्या आवाजात म्हणाली, "मावशी, म्हणजे जी मेली धरली ती जिवंत आहे. आणि निळी-लाल?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. निळी-लाल त्या दुसऱ्या हंगामापासून कुणालाच दिसलेली नाही. ती कधी गेली कोण जाणे. आपण दोघी दोन हंगाम तिच्या नावानं रोज हजेरी लावत होतो. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही, कुणी चहा टाकून उठलं नाही. मला त्या टिटवीचंही वाईट वाटलं.

गार्गीनं विचारलं, "मग चूक नक्की कुणाची झाली असं लिहू?" खरं सांगू का, "रझियाची" असं माझ्या ओठांवर आलं होतं. तू नव्हतीस, कुणी भांडायला येणार नव्हतं. इतका सोपा डाव मला तुझ्याशी कधी मिळाला नाही. मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी तिला जिवंत लिही. रझिया मॅडमनं बघितली होती, सगळ्या वेळा, असं लिही." तिनं लिहिलं. मी फोनवर थांबून तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

तर तू बरोबर होतीस. पहिल्यापासून. घे, म्हटलं एकदाचं. तू असतीस तर हे मला वर्षभर ऐकवलं असतंस, शेवंताबाईला सांगितलं असतंस, फळीवरच्या टॉवेलना सांगितलं असतंस. मला तेही चाललं असतं. मला आता काहीही चालेल, आणि आता त्याचा काही उपयोग नाही.

तू मला माळ दिलास, तिथल्या सकाळी दिल्यास, रिकाम्या घरातून बाहेर काढलंस. तुझ्यामुळे माझ्या म्हातारपणात बोलायला कुणीतरी होतं, आणि त्यातलं बहुतेक बोलणं भांडण होतं म्हणून काय झालं. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तू मानू दिले नसतेस, विषय बदलला असतास.

एवढंच सांगायचंय. तू जिथं असशील तिथंही कुणाशी तरी गट्टी जमवशीलच, तुला गप्प बसवतच नाही. तिच्यासाठी काही बदलावंसं वाटलं तर जरूर बदल. पण चोरून टॉवेल म्हणत बसू नकोस. तिच्यासमोर बस आणि सांग, की बाई, हे मी तुझ्यासाठी केलंय. ती डोक्यावर बसेल. मीही बसले असते, सोडलं नसतं तुला. पण ते दोन हंगाम आपण दोघींनी मिळून ती टिटवी जिवंत आहे या आनंदात काढले असते.